निकाल कोणाचा?

सार्वजनिक प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी ज्याच्यासाठी चालते, तो माणूस त्या सगळ्या व्यवहारात कुठेच नसतो. गावच्या विहिरीचा किंवा नळाचा नमुना आरोग्य सेवक घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तो प्रयोगशाळेत पोहोचतो, तिथे त्याला क्रमांक मिळतो, दोन-तीन दिवसांनी ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा पडतो आणि कागद आल्या वाटेने परत जातो. ही वाट कार्यालयाकडून कार्यालयाकडे जाते. नळाखाली हंडा लावणारी बाई त्या वाटेवर भेटत नाही. शिवाय ज्या ग्रामपंचायतीकडे वा नगरपालिकेकडे निकाल जातो, तिच्याच कामाचे मोजमाप त्या निकालात असते. म्हणजे परीक्षार्थ्याच्या हाती गुणपत्रिका द्यायची आणि ती त्याने घरी दाखवावी अशी आशा करायची. अहवालाखाली सही करणाऱ्या वरिष्ठ शास्त्रज्ञाच्या नोकरीचा खरा पेच मला इथे दिसतो. अचूक आकडा काढणे हे त्याच्या कामाचे पहिले अर्धे अंग, आणि त्यासाठी पुस्तके, मानके, यंत्रे हाताशी आहेत. तो आकडा कोणाचा, हे दुसरे अर्धे अंग, आणि त्याबद्दल पुस्तके फारशी बोलत नाहीत. माझे म्हणणे असे की सार्वजनिक प्रयोगशाळेतला निकाल नमुना पाठवणाऱ्याचा नसतो, तो पाणी पिणाऱ्याचा असतो. हे मान्य केले, तर या पदावरच्या माणसाने काय करावे याची बरीच उत्तरे आपोआप बदलतात.

आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. जैविक तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करते. नाहीतर वाटेत क्लोरीन आपले काम करत राहील आणि प्रयोगशाळेत पोहोचलेले पाणी नळातल्या पाण्यापेक्षा स्वच्छ ठरेल. बाटली थंड ठेवायची, शक्यतो काही तासांत आणि फार तर २४ तासांत तपासणीला लावायची. मग ठरावीक मापांनी पाणी पोषक द्रावणाच्या नळ्यांत घालतात, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि २४ ते ४८ तासांनी कोणत्या नळ्यांत आम्ल आणि वायू तयार झाला ते पाहतात. किती नळ्या होकारार्थी आल्या त्यावरून कोष्टकात पाहून १०० मिलिलिटरमधल्या जंतूंची ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ लिहितात. कोष्टक २३ म्हणते तेव्हा खरी संख्या दहाच्या खालपासून सत्तरच्या पुढेमागे कुठेही असू शकते, आणि हेही त्याच कोष्टकात छापलेले असते. अहवालात मात्र फक्त २३ जातो. त्याआधी आणखी मोठी अनिश्चितता असते ती नमुन्याची. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकाच आचेवर एकसारखा शिजलेला असतो. नळयोजनेतले पाणी तसे नसते. टाकीजवळ ते शुद्ध असते आणि गटारातून गेलेल्या फुटक्या वाहिनीच्या पुढे अशुद्ध. पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गढूळ, नंतर नितळ. पाळीपाळीने पाणी सोडणाऱ्या आपल्या बहुतेक गावांत नि शहरांत वाहिनी रिकामी होते तेव्हा बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे नमुना कोणत्या नळाचा आणि कोणत्या वेळी घेतला, यावर निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. प्रयोगशाळा उरलेला भाग तपासते.

याहून अवघड गोष्ट काळाची. निकाल हाती येतो तेव्हा ते पाणी लोकांच्या पोटात जाऊन दोन दिवस झालेले असतात. पाण्याचा जैविक अहवाल हा नेहमी भूतकाळाचा अहवाल असतो. यावर कोणी म्हणेल, मग तपासणीचा उपयोग काय? पाण्याला सुरक्षित ठेवते ते रोजचे क्लोरीन, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर नीट कालवून घालणारा जलसुरक्षक आणि दर सकाळी ओटी टेस्ट करून पाण्यातले क्लोरीन रंगावरून पाहणारा माणूस. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. प्रयोगशाळा पाणी शुद्ध करत नाही, आणि तिच्या अहवालाला संरक्षण समजणे ही घातक चूक आहे. पण संरक्षण खरोखर चालू आहे की नाही हे सांगणारे दुसरे कोणी नसते. ओटी टेस्टच्या वहीत रोज तोच समाधानकारक रंग भरता येतो. आठवड्याला येणाऱ्या स्वतंत्र नमुन्यांची मालिका तसे खोटे बोलत नाही. एका निकालाचे मोल थोडे, एकाच स्रोताच्या वर्षभराच्या निकालांचे मोठे. मात्र हे मोल तेव्हाच हाती येते, जेव्हा वाईट निकाल वाटेत कुठे अडकत नाही. तो अडकला की काय होते, याचा एक दाखला कॅनडात घडला आणि त्याची न्यायालयीन पद्धतीने चौकशीही झाली.

ओंटारिओ प्रांतातले वॉकरटन हे पाचेक हजार वस्तीचे गाव. मे २०००मध्ये तिथे जोरदार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसे घातले जात नव्हते. पाणीपुरवठा सांभाळणारे कर्मचारी क्लोरीनच्या नोंदी वर्षानुवर्षे मनाने भरत होते. १५ मेला घेतलेल्या नमुन्यांत घातक प्रदूषण असल्याचे १७ मेला प्रयोगशाळेला कळले. प्रयोगशाळा खासगी होती. १९९६मध्ये प्रांताच्या सरकारने नगरपालिकांसाठी पाणी तपासणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा बंद केल्या होत्या आणि ते काम बाजाराकडे गेले होते. या प्रयोगशाळेने तपासणी केली आणि ज्याने पैसे दिले त्याला, म्हणजे पाणीपुरवठा मंडळाला, निकाल कळवला. आरोग्य अधिकाऱ्याला कळवण्याचे कायद्याने बंधन नव्हते, आणि ग्राहकाचा अहवाल गोपनीय हे तर धंद्याचे साधे तत्त्व. मंडळाच्या व्यवस्थापकाने निकाल दडवला. मुले आजारी पडू लागल्यावर आरोग्य खात्याने त्याला विचारले, तेव्हा पाणी ठीक असल्याचे त्याने सांगितले. अखेर आरोग्य अधिकाऱ्याने २१ मेला स्वतःच्या अंदाजावर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. ७ माणसे दगावली आणि २,३००हून अधिक आजारी पडली.

या प्रकरणाच्या चौकशीचे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी काढलेले निष्कर्ष माझ्या मुद्द्याला सरसकट सोयीचे नाहीत, म्हणूनच ते महत्त्वाचे. त्यांच्या मते निकाल वेळेवर आरोग्य अधिकाऱ्याकडे गेला असता, तर सूचना १९ मेपर्यंत निघाली असती आणि तीन-चारशे लोकांचे आजारपण टळले असते. मृत्यू मात्र बहुधा टळले नसते. संपूर्ण साथ टाळली असती ती विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणाऱ्या यंत्रांनी. म्हणजे प्रयोगशाळा काय करू शकते आणि काय नाही, याचा हिशेब एकाच प्रकरणात मांडलेला आहे. तीन-चारशे माणसे हा तो हिशेब. तो अफाट नाही, पण त्या माणसांपैकी प्रत्येकाच्या दृष्टीने तो पूर्ण आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की वॉकरटनच्या त्या तपासणीत शास्त्राची चूक नव्हती. जंतू बरोबर ओळखला होता, कागदही चटकन गेला होता. तो चुकीच्या माणसाकडे गेला, आणि त्या माणसाकडेच जाणे हा नियम होता. पुढे ओंटारिओने प्रतिकूल निकाल तत्काळ सरकारला आणि आरोग्य अधिकाऱ्याला कळवणे प्रयोगशाळांवर कायद्याने बंधनकारक केले.

यावरून ‘खासगी वाईट, सरकारी चांगले’ असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह होईल. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने तो मोह पुरता मोडून काढला आहे. एप्रिल २०१४मध्ये शहराने आपला जलस्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी घेतले आणि वाहिन्या गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या वाहिन्यांतले शिसे पाण्यात उतरू लागले. तपासणी सरकारी यंत्रणेच्याच हाती होती. नमुना घेण्याआधी आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवावा, अशी सूचना घरमालकांना दिली जात होती. त्याने साचलेले शिसे वाहून जाते. त्याउपर २०१५मध्ये ७१ नमुन्यांतले जास्त शिसे असलेले दोन नमुने तांत्रिक कारणे दाखवून वगळण्यात आले, आणि ठरवून दिलेली १५ भाग प्रति अब्ज ही मर्यादा ओलांडणारे शहर कागदावर मर्यादेत आले. सत्य बाहेर आले ते रहिवाशांच्या चिकाटीने, व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्‌स यांच्या स्वतंत्र तपासणीने आणि मुलांच्या रक्तातले शिसे तपासून ते जाहीर करणाऱ्या डॉ. मोना हॅना-अटीशा यांच्यामुळे. तेव्हा इमारतीवर कोणाची पाटी आहे, पगार कोणत्या तिजोरीतून येतो, यावर प्रयोगशाळेचे सार्वजनिकपण ठरत नाही. निकालावर पहिला हक्क कोणाचा, यावर ते ठरते. सरकारी प्रयोगशाळाही जेव्हा पाणीपुरवठा करणाऱ्याच्या सोयीने नमुने मोजते, तेव्हा ती त्याची खासगी प्रयोगशाळाच झालेली असते. म्हणून वरिष्ठ शास्त्रज्ञाच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग कदाचित हा असेल: कोणते नमुने घ्यायचे, कोणते बाद करायचे याचे नियम निकाल पाहण्याआधी लिहून ठेवणे आणि नंतर कोणी सांगितले तरी ते न हलवणे.

निकाल पिणाऱ्याचा मानला की प्रश्नही पिणाऱ्याच्या बाजूने विचारावे लागतात. १९९२मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या काही कूपनलिकांचे पाणी तपासले. त्यात बरेच घटक मोजले, आर्सेनिक मोजले नाही. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८०च्या दशकातच आर्सेनिकचे रुग्ण सापडले होते. पुढे बांगलादेशात कोट्यवधी लोक आर्सेनिकयुक्त पाणी पीत असल्याचे उघड झाले. एका ग्रामस्थाने संस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, तो फेटाळला: संस्थेचा त्या पाणीपुरवठ्यावर ताबा नव्हता, त्यामुळे त्या ग्रामस्थाप्रती तिचे कर्तव्य नव्हते. कायद्याच्या चौकटीत हे पटण्यासारखे आहे. पण जिल्हा प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला हे उत्तर आपले म्हणून वापरता येणार नाही, कारण त्याचे पद त्या कर्तव्यासाठीच निर्माण झालेले आहे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे. अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचा आहे. अशा गावातली विहीर जैविक तपासणीत स्वच्छ निघते आणि कागदावर ‘योग्य’ असा शेरा येतो, तेव्हा तो शेरा न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देऊन बसतो. आणखी पुढची गोष्ट अशी की दूषित पाण्यावरचा आपला सार्वत्रिक सल्ला ‘उकळून प्या’ हा आहे. जंतूंसाठी तो अचूक आहे. फ्लोराइड किंवा नायट्रेटच्या बाबतीत तो उलटा पडतो, कारण उकळताना पाणी कमी होते आणि क्षार तेवढेच राहतात. म्हणून अहवालावर काय तपासले याइतक्याच ठळक अक्षरांत काय तपासले नाही हेही यायला हवे.

जैविक तपासणीलाही तिची मर्यादा आहे. ई-कोलाय मिळाला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली असे कळते. तो साक्षीदार आहे, नेहमी गुन्हेगार नाही. पण साक्षीदार मिळाला नाही म्हणून गुन्हा घडला नाही असे होत नाही. १९९३मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचे शुद्ध केलेले पाणी त्या वेळच्या मानकांत बसत होते, आणि तरी क्लोरीनला न जुमानणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीने सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडल्याचा अंदाज आहे. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले. नेहमीच्या तपासणीत यांपैकी काहीच शोधले जात नाही. प्रत्येक जंतू प्रत्येक नमुन्यात शोधणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य आहे, त्यामुळे साक्षीदारावर भिस्त ठेवण्याला पर्याय नाही. मात्र मिलवॉकीत गढूळपणा वाढला होता आणि ती खूण कोणी पुरेशी गंभीरपणे घेतली नाही. अनुभवी शास्त्रज्ञ आणि तपासणीची यंत्रे यांच्यातला फरक इथे दिसतो. एखादा आकडा मर्यादेत असूनही नेहमीपेक्षा वेगळा असेल, तर त्याची दखल घेण्याचे काम कोणतेही कोष्टक करत नाही.

आता सर्वांत जोराचा आक्षेप: निकाल थेट लोकांपुढे ठेवले तर लोक घाबरतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बाटलीच्या तोंडाला हात लागला तरी नमुना दूषित येतो. अशा प्रत्येक नमुन्यावर दवंडी पिटली तर दोन-चार वेळा लोक पाणी उकळतील, मग ऐकेनासे होतील. आणि खरी साथ आली त्या दिवशी सूचना वाऱ्यावर जाईल. शिवाय इंधनाला पैसे लागतात, ते गरिबाच्या घरातून जातात. तरी दोन्ही पारड्यांतले वजन सारखे नाही. चुकीच्या इशाऱ्याची किंमत काही दिवसांचे इंधन आणि थोडा विश्वास. दडपलेल्या निकालाची किंमत आजारपण, आणि उघडकीला आल्यावर सगळाच विश्वास. घबराट बहुधा माहितीमुळे होत नाही. दवाखान्यापुढे रांग लागल्यावर उशिरा आलेल्या, अर्धवट माहितीमुळे होते. यातून मार्ग काढायचा तर नियम आधी ठरवावे लागतील. एका नळाचा एक नमुना खराब आला तर त्याच दिवशी क्लोरीन तपासून फेरनमुना घ्यायचा; ई-कोलाय मिळाला, किंवा नमुना खराब आणि क्लोरीनही नाही, असे झाले तर फेरनमुन्याची वाट न पाहता लोकांना सांगायचे. हे नियम लोकांनाही माहीत असावेत. मग इशारा म्हणजे कोणाची बदनामी राहत नाही, ठरलेले पाऊल होते.

काही शास्त्रज्ञ म्हणतील, आमचे काम मोजण्याचे. कळवणे, ठरवणे, राबवणे हे प्रशासनाचे. एकदा कागद बाहेर गेला की आम्ही तटस्थ. या तटस्थतेत एक सोय दडलेली आहे. मानक म्हणजे निव्वळ मोजमाप असते तर हे म्हणणे टिकले असते. भारतीय मानक आयएस १०५००मध्ये फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही अट रसायनशास्त्राची नाही, गावाच्या परिस्थितीची आहे. ती लावताना दुसरा स्रोत आहे की नाही हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. म्हणजे शेरा लिहिणारा निर्णयात आधीच सामील असतो. आकडा किती आला याबाबत त्याने कठोरपणे तटस्थ असावे. तो आकडा कोणापर्यंत पोहोचतो याबाबत तटस्थ राहणे म्हणजे ज्याच्या हाती कागद आहे त्याची बाजू घेणे. अर्थात यासाठी एकट्या शास्त्रज्ञाच्या धैर्यावर विसंबणे अन्यायाचे होईल. बदली, गोपनीय अहवाल, वरून येणारा फोन, हे सारे खरे आहे. म्हणूनच कळवणे हा त्याचा सद्‌गुण न राहता त्याचे बंधन झाले पाहिजे. बंधन असेल तर वरच्या फोनला सांगायला त्याच्याकडे उत्तर असते: मला पर्याय नाही.

या दिशेची काही साधने आपल्याकडे आधीच आहेत. महाराष्ट्रात जलस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना जोखमीप्रमाणे लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. आकडा न समजणाऱ्यालाही लाल रंग समजतो. ते कार्ड मात्र कार्यालयातल्या फायलीत असून भागणार नाही, नळकोंडाळ्याजवळ दिसले पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी-संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. या संचांनी प्रयोगशाळा कालबाह्य होतील असे कोणी म्हणते, तर त्यांचे निकाल बिनभरवशाचे म्हणून कोणी नाक मुरडते. मला दोन्ही पटत नाही. संचाच्या बाटलीतले पाणी दूषित असल्याने काळे पडलेले बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की तो निकाल कोणाला अडवता येत नाही. संचाचे हे बळ आहे. पण पंचायतीने तो अमान्य केला तर त्या बाईच्या पाठीशी उभे राहायला प्रमाणित पद्धतीने काढलेला, जबाबदार सहीचा आकडा लागतो, आणि तो प्रयोगशाळेखेरीज कोणी देऊ शकत नाही. आज प्रयोगशाळांच्या कामाचा आढावा घेताना महिन्यात किती नमुने तपासले हा प्रश्न आधी येतो, कारण तो मोजायला सोपा आहे. मी त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवीन: ‘पिण्यास अयोग्य’ ठरलेला निकाल त्या पाण्याचा पेला उचलणाऱ्याला किती तासांत कळला? हेही मोजता येते, त्याची नोंदवही ठेवता येते आणि वर्षाअखेरीस त्यावर सही करता येते. ज्या प्रयोगशाळेकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, तिने हजारो नमुने तपासले असले तरी ते लोकांसाठी तपासले असे म्हणता येणार नाही.